वर्डमधून इनडिझाइनमध्ये : एका मराठी–हिंदी शब्दकोशाच्या प्रकल्प नोंदी

३ जून

संपादक मंडळाने मराठी–हिंदी शब्दकोशाची संहिता अंतिम म्हणून सोपवली. ती वर्डच्या फायलींमध्ये आहे. साधारणपणे एका वर्णाला एक फाइल आणि क, प, स अशा भरघोस वर्णांना दोन-दोन. संहितेवर गेली अनेक वर्षे वेगवेगळ्या व्यक्तींनी वेगवेगळ्या संगणकांवर काम केले आहे आणि त्याच्या खुणा फायलींत जागोजागी आहेत. आता ही संहिता इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची, तिची छापण्याजोगी पाने तयार करायची आणि हे करताना संपादकांनी निश्चित केलेले एकही अक्षर नकळत बदलू द्यायचे नाही, असे कामाचे स्वरूप आहे. या नोंदी पुढची आवृत्ती हाती घेणाऱ्यासाठी ठेवीत आहे, कारण कोणता निर्णय का घेतला हे छापलेल्या पानांवरून कळत नाही.

पहिला निर्णय आजच घेतला : वर्डची फाइल थेट पानांत ओतायची नाही. गद्य पुस्तकाच्या बाबतीत ते चालून जाते, कारण तिथे शीर्षके आणि परिच्छेद एवढीच रचना असते. कोशात मात्र एकेका ओळीत पाच-सहा प्रकारचे घटक एकापाठोपाठ येतात आणि त्यांतला फरक वाचकाला केवळ ठळकपणा, तिरपेपणा, कंस आणि विरामचिन्हे यांवरून कळतो. फाइलला यातले काहीच ठाऊक नसते. तिच्या लेखी ठळक म्हणजे फक्त ठळक. त्यात आपल्या कोशातल्या दोन्ही भाषांची लिपी एकच आहे. मराठी–इंग्रजी कोशात लिपी बदलली की भाषा बदलली हे यंत्रालाही ओळखता येते. ‘शिल्प’ हा शब्द मराठी आहे की हिंदी, हे मात्र त्याच्या अक्षरांवरून कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून स्थलांतरापूर्वी संहितेतल्या प्रत्येक तुकड्यावर दोन गोष्टी लिहिलेल्या असल्या पाहिजेत : तो नोंदीत कोणते काम करतो आणि त्याची भाषा कोणती.

४ जून

मूळ फायली केवळ वाचता येतील अशा करून बाजूला ठेवल्या आणि कामासाठी नकला घेतल्या. काही फायलींत बदलांचा माग ठेवण्याची सोय चालू राहिली होती. अशा फायलीत खोडलेला मजकूर पडद्यावर लपवता आला तरी आत जिवंत असतो आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाताना पुन्हा वर येऊ शकतो. सगळे बदल एकदम स्वीकारण्याचा मोह टाळून ते संपादकांबरोबर एकेक करून पाहिले, कारण दोन ठिकाणी एकाच अर्थावर दोघांचे दोन वेगळे बदल होते आणि त्यांतला कोणता ठेवायचा हा निर्णय माझा नव्हता.

६ जून

डॉकएक्स फाइल म्हणजे प्रत्यक्षात एक झिप गठ्ठा असतो आणि मुख्य मजकूर त्यातल्या एका एक्सएमएल फायलीत, म्हणजे तुकड्यातुकड्याला खुणा लावून मजकूर साठवणाऱ्या फायलीत असतो. आज तो उघडून आतली रचना वाचली. पडद्यावर जे एकसारखे दिसते ते आत किती निरनिराळ्या रीतींनी नोंदलेले असते, हे देवनागरीच्या बाबतीत विशेष जाणवते. वर्ड ठळकपणासाठी दोन स्वतंत्र खुणा ठेवतो : एक लॅटिनसारख्या लिपींसाठी आणि दुसरी देवनागरी, अरबी अशा, अक्षरांचे आकार जुळवून घ्याव्या लागणाऱ्या लिपींसाठी. तिरपेपणा, अक्षराचा आकार आणि फाँटचे नाव यांचेही तसेच. देवनागरी मजकुरावर परिणाम होतो तो दुसऱ्या खुणेचा. रूपांतराचे एखादे तयार साधन केवळ पहिलीच खूण वाचत असेल, तर निम्मे नोंदशब्द, म्हणजे ज्यांचे अर्थ दिले आहेत ते मराठी शब्द, ठळक म्हणून ओळखलेच जाणार नाहीत. आणि जिथे फक्त पहिली खूण राहून गेली आहे तिथे पडद्यावर साधा दिसणारा मजकूर ठळक समजला जाईल. म्हणून तयार साधन न घेता पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिला, जो देवनागरी मजकुरासाठी दुसरी खूणच प्रमाण मानतो.

भाषेची खूणही तपासली. वर्ड प्रत्येक तुकड्यावर भाषेचे नाव नोंदतो, त्यामुळे मराठी आणि हिंदी वेगळे करण्याचा सोपा मार्ग मिळेल अशी आशा होती. परंतु ही खूण टंकलेखनाच्या वेळी कोणता कीबोर्ड निवडलेला होता त्यावर ठरते, शब्द कोणत्या भाषेचा आहे त्यावर नाही. मराठी कीबोर्डवरून टंकलेली अख्खी नोंद, हिंदी प्रतिशब्दांसह, मराठी म्हणून नोंदलेली आहे. ही माहिती पूर्णपणे पुसून टाकायची आणि भाषा नोंदीतल्या स्थानावरून नव्याने ठरवायची, असे ठरले.

१० जून

ट ते ढ या वर्णांच्या फायली युनिकोडपूर्व काळातल्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच संकेतांक देणारी युनिकोड ही व्यवस्था रुळण्याआधीच्या फाँटमध्ये आहेत. या फाँटमध्ये अक्षरे दिसतात तशी डावीकडून उजवीकडे टंकलेली असतात : पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो, म्हणजे वेलांटी व्यंजनानंतर आणि रफाराचा र् अक्षराच्या आधी. त्यामुळे चिन्हाला चिन्ह एवढेच बदलून भागत नाही. वेलांटीला पुढचे संपूर्ण जोडाक्षर ओलांडून न्यावे लागते आणि रफाराला मागे आणावे लागते. ‘टिप्पणी’ सरळ येते; एकाच अक्षरावर रफार आणि वेलांटी दोन्ही असली, जसे ‘आर्थिक’, ‘धार्मिक’ यांत आहे, की दोन्ही हालचाली एकमेकींत अडकतात. प्रथम वेलांटी जागेवर न्यायची आणि मग रफार मागे आणायचा, हा क्रम पक्का केला.

रूपांतरानंतर अशक्य अक्षररचना शोधणारी तपासणी चालवली : शब्दाच्या सुरुवातीलाच आलेली काना-मात्रा, पाय मोडल्यानंतर लगेच आलेली मात्रा, एका व्यंजनावर दोन स्वरचिन्हे, मात्रेच्या आधी पडलेला अनुस्वार. मराठीत किंवा हिंदीत अशी रचना असूच शकत नाही, त्यामुळे ही तपासणी शब्दांचा अर्थ न कळताही चुका पकडते. जे सापडले ते मूळ छापील प्रतीशी ताडून दुरुस्त केले.

१३ जून

अक्षरांची स्वच्छता. हे काम कंटाळवाणे वाटण्याची शक्यता आहे, परंतु कोशाचा क्रम, शोध आणि परस्परसंदर्भ या तिन्ही गोष्टी यावर उभ्या आहेत, म्हणून त्याला पुरेसा वेळ दिला.

सर्वांत जास्त आढळलेली गोष्ट म्हणजे विसर्गाच्या जागी टंकलेले अपूर्णविराम. ‘दुःख’ आणि ‘अंतःकरण’ यांतले दोन ठिपके अनेक फायलींत विरामचिन्हाचे आहेत. दोन देवनागरी अक्षरांच्या मध्ये, जागा न सोडता आलेला अपूर्णविराम हा विसर्गच असतो, त्यामुळे तो यांत्रिकपणे बदलला; ‘स्वतः’, ‘विशेषतः’ अशा शब्दांच्या शेवटी मात्र दोन्ही शक्यता असतात, ते सगळे हाताने पाहिले. हिंदी बाजूला पूर्णविरामाच्या दंडाऐवजी कीबोर्डवरची सरळ उभी रेघ आहे. हिंदी संक्षेपांत लाघवचिन्हाऐवजी, म्हणजे संक्षेपापुढच्या लहान वर्तुळाऐवजी, शून्याचा अंक वापरलेला आहे. काही ठिकाणी खरे लाघवचिन्ह आहे आणि काही ठिकाणी साधा टिंब. तिन्ही एकत्र राहू दिले असते तर संक्षेप ओळखणारा प्रत्येक नियम तीनदा लिहावा लागला असता. हिंदी बाजू पाहणाऱ्या संपादकांशी बोलून सर्वत्र टिंब ठेवला.

दुसरा वर्ग आहे दिसायला एक आणि संकेतांकांनी दोन असलेल्या अक्षरांचा. ‘ॲ’ हा स्वर युनिकोडमध्ये ०९७२ या संकेतांकावर स्वतंत्रपणे आहे. तो २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत आला. त्यापूर्वी, आणि सवयीने त्यानंतरही, लोक अ टंकून त्यावर चंद्र देत आले आहेत. दोन्ही रूपे छापील पानावर तंतोतंत सारखी दिसतात, आणि युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एक मानीत नाही, त्यामुळे हा बदल स्वतंत्रपणे करावा लागला. ‘कुऱ्हाड’, ‘तऱ्हा’ यांतल्या अर्ध्या र चेही तसेच : कोणी ऱ या अक्षराचा पाय मोडतो, कोणी साध्या र चा पाय मोडून त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देतो. संपूर्ण संहितेत पहिली पद्धत ठेवली आणि न दिसणारी जोडचिन्हे एकेक तपासून काढली.

शेवटी संहिता एनएफसी या प्रमाणरूपात आणली, म्हणजे युनिकोड ज्या रूपांना समतुल्य मानतो त्यांतले एकच सर्वत्र ठेवले. याचा एक परिणाम नोंदवून ठेवण्यासारखा आहे. हिंदीतली ड़, ढ़, ज़ ही अक्षरे युनिकोडमध्ये एकसंधही आहेत, पण एनएफसीमध्ये ती सुटी होतात, म्हणजे मूळ व्यंजन अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब). ऱ मात्र याच प्रमाणीकरणात एकसंध राहतो. त्यामुळे ‘सगळे नुक्ते सुटे असतील’ असे धरून लिहिलेला नियम ऱ च्या बाबतीत खोटा ठरतो.

१४ जून

नुक्त्याचा एक प्रश्न कालच्या स्वच्छतेत न सुटणारा आहे, तो वेगळा लिहितो. मराठीत च, ज, झ यांचे दोन उच्चार आहेत, आणि हिंदीभाषक वाचकाला ते कळावेत म्हणून संपादकांनी दंततालव्य उच्चाराच्या ठिकाणी अक्षराखाली टिंब दिला आहे. ‘जाड’ या नोंदशब्दातला ज असा टिंबासह येतो. हिंदी बाजूला ‘दरवाज़ा’ या प्रतिशब्दातही ज खाली टिंब आहे, आणि तो अगदी वेगळ्या उच्चाराचा. संकेतांक दोन्हीकडे एकच : ज अधिक नुक्ता. मराठी बाजूचा टिंब हे उच्चाराचे साहाय्यक चिन्ह आहे, त्याने वर्णक्रम बदलत नाही आणि पानाच्या माथ्यावरच्या शब्दात तो नको. हिंदी बाजूचा टिंब शब्दाच्या लेखनाचाच भाग आहे आणि तो कुठेही गळता कामा नये. भाषेची खूण नसेल तर या दोहोंना वेगवेगळी वागणूक देण्याचा कोणताही मार्ग नाही. संपादक मंडळाच्या बैठकीत ‘इतक्या बारकाईने प्रत्येक शब्दाला भाषेचे नाव कशाला’ असा प्रश्न आला होता, त्याचे उत्तर म्हणून ही दोन उदाहरणे पाठवली.

१८ जून

नोंदीच्या घटकांची नावे निश्चित केली. इनडिझाइनमध्ये मजकुराचे रूप नाव दिलेल्या शैलींनी ठरते, अख्ख्या परिच्छेदासाठी परिच्छेद शैली आणि त्यातल्या तुकड्यासाठी अक्षर शैली. परिच्छेद शैली तीनच ठेवल्या : मुख्य नोंद, उपनोंद आणि वर्णशीर्षक. खरी गर्दी अक्षर शैलींची आहे : नोंदशब्द, समरूप क्रमांक, व्याकरण-म, अर्थक्रमांक, क्षेत्र, प्रतिशब्द-हिं, व्याकरण-हिं, उदाहरण-म, उदाहरण-हिं, व्युत्पत्ती, संदर्भ. एकाही शैलीच्या नावात ‘ठळक’, ‘तिरपे’ किंवा ‘लहान’ हे शब्द नाहीत आणि ते कधीही येऊ नयेत, कारण रूप उद्या बदलेल, काम बदलणार नाही. ‘म’ आणि ‘हिं’ या शेपट्या भाषेसाठी आहेत.

समरूप क्रमांक नोंदशब्दापासून वेगळा काढण्याबद्दल थोडी चर्चा झाली. ‘माळ’ हा शब्द पुल्लिंगी असताना मोकळ्या उंच जमिनीसाठी आणि स्त्रीलिंगी असताना फुलांच्या किंवा मण्यांच्या माळेसाठी येतो, म्हणून त्याच्या दोन नोंदी आहेत आणि शब्दालगत १ व २ हे अंक वर चढवून दिले आहेत. अंक नोंदशब्दाच्याच शैलीत ठेवला तर तो पानाच्या माथ्यावर, क्रमवारीत आणि परस्परसंदर्भांत शब्दाचा भाग बनून फिरत राहील. वेगळी शैली हाच उपाय.

२१ जून

खुणा लावणारा प्रोग्रॅम चालवला. प्रत्येक नोंद डावीकडून उजवीकडे वाचत जायची, ठळक तुकड्याने नोंदशब्द उघडायचा, संक्षेपांच्या यादीतला पहिला संक्षेप मराठी व्याकरणाचा, त्यानंतरचा मजकूर पुढच्या संक्षेपापर्यंत हिंदी प्रतिशब्द, अशी साधी रीत आहे. बहुसंख्य नोंदी तिने व्यवस्थित सुटल्या. न सुटणाऱ्या नोंदी प्रोग्रॅमने अंदाजाने भरू नयेत, तर लाल खूण करून बाजूला काढाव्यात, हे आधीच ठरवले होते. चुकीची खूण न दिसता पुढे जाते, नसलेली खूण मात्र लगेच दिसते.

दोन्ही भाषांच्या व्याकरणातल्या फरकाचा तपासणीसाठी फार चांगला उपयोग झाला. मराठीत तीन लिंगे आहेत आणि हिंदीत दोन. त्यामुळे ‘न.’ हा संक्षेप हिंदी बाजूच्या शैलीत येऊच शकत नाही. ‘झाड’ न., त्यासमोर ‘पेड़’ पुं.; अशा जोड्यांत कुठे ‘व्याकरण-हिं’ या शैलीखाली ‘न.’ सापडला, तर त्या नोंदीत मराठी आणि हिंदी यांची सीमा चुकीच्या जागी पडली आहे हे निश्चित. त्याचप्रमाणे मराठी संक्षेप ‘पु.’ आणि हिंदी संक्षेप ‘पुं.’ हा अनुस्वाराचा भेद संपादकांनी संपूर्ण संहितेत कटाक्षाने पाळलेला आहे. तो त्यांनी कोणत्याही यंत्राचा विचार न करता पाळला होता. आज त्यांच्या त्या शिस्तीमुळे हजारो सीमा आपोआप तपासता आल्या.

ळ चीही मदत झाली. हिंदी प्रतिशब्दांत ळ जवळजवळ येत नाही, म्हणून ‘प्रतिशब्द-हिं’ शैलीतले ळ असलेले सर्व शब्द काढून पाहिले. बहुतेक ठिकाणी मराठी स्पष्टीकरण हिंदीच्या जागी शिरलेले होते.

२५ जून

वर्णानुक्रम. संकेतांकांच्या क्रमाने शब्द लावले तर देवनागरी कोशाचा क्रम बराचसा बरोबर येतो, आणि हेच धोक्याचे आहे, कारण जिथे तो चुकतो ती ठिकाणे वरवर पाहणाऱ्याला दिसत नाहीत. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे, तर मराठी वर्णमालेत तो ह नंतर येतो. म्हणजे यंत्र ‘काल, काळ, कावळा, काहूर’ असे लावते आणि मराठी वाचक ‘काल, कावळा, काहूर, काळ’ असे शोधतो. ॲ चा संकेतांक तर अंकांच्याही पुढचा आहे, त्यामुळे ‘ॲ’ने सुरू होणारे सर्व शब्द ह च्या नंतर जाऊन पडतात. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयातल्या वर्णमालेत ॲ हा ए आणि ऐ यांच्या मध्ये दिलेला आहे. तोच क्रम धरला.

क्ष आणि ज्ञ यांच्याबाबत संपादक मंडळाने दिलेला निर्णय असा : शब्दाच्या आरंभी ते असतील तर कोशाच्या शेवटी त्यांचे स्वतंत्र विभाग, शब्दाच्या पोटात असतील तर क् + ष आणि ज् + ञ असे धरून क्रम. तर्काच्या दृष्टीने हे दोन नियम झाले, परंतु ‘पक्ष’ हा शब्द कोणीही ‘पळ’च्या पुढे शोधणार नाही, आणि ‘क्षण’ मात्र पुष्कळजण शेवटी शोधतात. वाचकाची सवय प्रमाण मानणे मला योग्य वाटते. अनुस्वार असलेले अक्षर त्याच अक्षराच्या साध्या रूपाच्या आधी; नुक्ता आणि समरूप क्रमांक क्रमासाठी दुर्लक्षित, फक्त बरोबरी झाल्यास विचारात.

हे नियम वापरून प्रत्येक नोंदशब्दाची एक क्रम-किल्ली, म्हणजे त्याची जागा ठरवणारी खूण, तयार केली आणि ती संहितेतच साठवली. नोंदी आपोआप हलवल्या नाहीत. जिथे संहितेतला क्रम आणि किल्लीचा क्रम जुळत नाही त्यांची यादी संपादकांकडे दिली.

२७ जून

फाँटची निवड. वर्डमध्ये व्याकरणाचे संक्षेप तिरप्या अक्षरांत आहेत. देवनागरीत तिरप्या वळणाची परंपरा नाही; बहुतेक फाँटमध्ये तसा नमुनाच नसतो आणि वर्ड सरळ अक्षरे यांत्रिकपणे वाकवून दाखवतो. इनडिझाइन असे वाकवून देत नाही. फाँटमध्ये नसलेला नमुना मागितला की तो मजकूर गुलाबी पट्ट्याखाली फाँट उपलब्ध नाही म्हणून दाखवतो. मला हे वागणे अधिक प्रामाणिक वाटते. तिरपेपणा सोडून देऊन भेद वजनांनी दाखवायचे ठरवले : नोंदशब्द ठळक, हिंदी प्रतिशब्द मध्यम, संक्षेप हलक्या वजनात आणि किंचित लहान. त्यासाठी अनेक वजनांचे एकच कुटुंब हवे. नोटो सान्स देवनागरीत ९ वजने आहेत, परवाना मुक्त आहे आणि मराठीसाठी वेगळी अक्षररूपे आहेत, म्हणून नमुन्यासाठी ते घेतले.

मराठी अक्षररूपांचा मुद्दा या कोशात विशेष महत्त्वाचा आहे. मराठीत ल पाकळीचा लिहितात, हिंदीत दंडाचा. श चे वळणही दोन्हीकडे वेगळे आहे. ओपनटाइप या प्रकारच्या फाँटमध्ये भाषेनुसार रूप बदलण्याची सोय असते : मजकुरावर मराठी भाषेची खूण असली की फाँट मराठी रूपे देतो, नसली तर त्याची मूळची रूपे. अक्षर शैलींना भाषा जोडल्यावर ‘शिल्प’ ही नोंद छापून पाहिली. डावीकडे ठळक नोंदशब्द मराठी श आणि पाकळीच्या अर्ध्या ल सह, त्यापुढे तोच शब्द हिंदी प्रतिशब्द म्हणून हिंदी वळणाच्या श आणि दंडाच्या अर्ध्या ल सह. एकच शब्द, तीच अक्षरे, एकाच ओळीत आपापल्या भाषेच्या वळणात उभी. वर्डच्या फायलीत ही गोष्ट कोणी हाताने करू शकले नसते. संपादकांना हा छापा दाखवला तेव्हा भाषेच्या खुणांविषयीची शंका कायमची मिटली.

१ जुलै

पानाची मांडणी. कापलेले पान १५६ × २३४ मिलिमीटर, दोन रकाने, मध्ये बारीक रेघ. मजकूर ९ पॉइंट, ओळींमधले अंतर १२.५ पॉइंट. लॅटिन लिपीला याहून कमी अंतर पुरते, पण देवनागरीत वर रफार-मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार व उभी जोडाक्षरे असल्याने ओळी एकमेकींना भिडतात. ‘ट्ठ’ खाली पुढच्या ओळीतला ‘र्की’ येईल अशी मुद्दाम जुळवलेली ओळ छापून हे अंतर ठरवले.

रकान्याच्या दोन्ही कडा सारख्या करायच्या नाहीत. अरुंद रकान्यात देवनागरीचे लांब शब्द दोन्ही कडांना ताणले की शब्दांमध्ये मोठी भगदाडे पडतात, आणि शब्द तोडून ती बुजवणे कोशात योग्य नाही, कारण वाचक इथे शब्दाचे लेखन पाहायला येतो. उजवी कड मोकळी सोडली. प्रतिशब्द आणि त्याचे लिंग यांच्यामध्ये न तुटणारी जागा घातली, म्हणजे ‘पेड़’ एका ओळीत आणि ‘पुं.’ दुसऱ्या ओळीत असे होणार नाही.

पायाभूत परिच्छेद शैलीत वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर हा ओळी जुळवण्याचा पर्याय निवडला आणि बाकी सर्व शैली तिच्यावर आधारल्या. हा पर्याय नसेल तर जोडाक्षरे सुटतात आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे पडते.

३ जुलै

संहिता आता खुणांसह एक्सएमएलमध्ये आहे आणि तीच प्रमाण प्रत. तिच्यातून प्रत्येक वर्णासाठी इनडिझाइनचा टॅग्ड टेक्स्ट तयार होतो, जो साध्या मजकुराच्या फायलीत शैलींची नावे देतो. त्याची पहिली ओळ संकेतनाची, म्हणजे अक्षरे कोणत्या पद्धतीने साठवली आहेत ते सांगणारी असते. फाइल यूटीएफ-१६ या युनिकोडच्या संकेतनात जतन केली. एक खास काळजी : व्युत्पत्तीत संपादकांनी ‘पासून आलेला’ या अर्थी ‘<’ हे चिन्ह वापरले आहे, आणि टॅग्ड टेक्स्टमध्ये नेमक्या त्याच चिन्हाने सूचना सुरू होते. प्रत्येक अशा चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ घातली नाही तर संपूर्ण व्युत्पत्ती सूचना समजून गिळली जाते.

५ जुलै

पानांच्या माथ्यावरचे शब्द. इनडिझाइनमध्ये अक्षर शैलीवर आधारलेले चल शीर्षक असते : दिलेल्या शैलीतला पानावरचा पहिला किंवा शेवटचा मजकूर ते आपोआप उचलते. डाव्या पानावर पहिला नोंदशब्द, उजव्या पानावर शेवटचा. पानावर एकही नवा नोंदशब्द सुरू होत नसेल तर आधीच्या पानावरचा शब्द येतो, आणि लांब क्रियापदांच्या नोंदींत तेच हवे आहे. उपनोंदींचे शब्द माथ्यावर चढू नयेत म्हणून त्यांची शैली वेगळी केली. एक मर्यादा लक्षात ठेवावी लागेल : हे चल एका ओळीतच बसते, जागा कमी पडली तर मजकूर दोन ओळींत जात नाही, आक्रसतो. म्हणून माथ्याची चौकट पूर्ण रकान्याएवढी रुंद ठेवली.

उच्चाराचा टिंब माथ्यावर नको, हे १४ जूनला लिहिले आहे. चल शीर्षक मजकूर जसाच्या तसा उचलते, त्यामुळे प्रत्येक टिंबयुक्त नोंदशब्दाच्या आधी त्याचेच टिंबरहित रूप ‘माथा’ या शैलीत, न दिसण्याइतक्या लहान आकारात आणि रंगाविना ठेवले आणि चल शीर्षक त्या शैलीला जोडले. सारखेपणासाठी हे सर्वच नोंदींना केले.

९ जुलै

क हा वर्ण पानांत ओतला आणि लगेच उलटी परीक्षा घेतली : इनडिझाइनमधून संपूर्ण मजकूर साध्या रूपात बाहेर काढला, माथ्याचे शब्द वगळले आणि उरलेला मजकूर प्रमाण प्रतीशी अक्षरशः ताडला. फरक निघाले ते केवळ जागांचे : अर्थक्रमांकानंतरची जागा प्रमाण प्रतीत एक प्रकारची आणि पानांत दुसऱ्या प्रकारची. नियम जुळवल्यावर दोन्ही मजकूर एकसारखे आले. ही परीक्षा प्रत्येक वर्णाच्या प्रत्येक फेरीनंतर घ्यायची. मुद्रितशोधक कितीही दक्ष असले तरी गळालेली ओळ त्यांना दिसू शकत नाही, कारण जे पानावर नाही ते वाचता येत नाही.

परस्परसंदर्भही आजच तपासले. ‘पाहा’ म्हणून दिलेला प्रत्येक शब्द नोंदशब्दांच्या यादीत असलाच पाहिजे, आणि समरूप असेल तर क्रमांकासह असला पाहिजे. न जुळणाऱ्यांची यादी संपादकांकडे गेली.

१२ जुलै

प्रत्येक वर्णाची स्वतंत्र इनडिझाइन फाइल आणि सर्वांना बांधणारी एक बुक फाइल, अशी व्यवस्था केली. शैली केवळ एका मुख्य फायलीत बदलायच्या आणि तिथून सर्वांना लागू करायच्या. प्रत्येक वर्ण नव्या पानावर सुरू होतो, त्यामुळे माथ्यावरच्या शब्दांना आधीच्या फायलीतला शब्द लागत नाही.

१५ जुलै

क ची पाने पीडीएफ करून संपादकांकडे पाठवली. दुरुस्त्या पीडीएफवर खुणांनी येतील, पण त्या इनडिझाइनमध्ये कोणीही टंकायच्या नाहीत. सर्व दुरुस्त्या एक्सएमएल प्रतीत होतील आणि तिथून पाने नव्याने तयार होतील. एका ओळीच्या दुरुस्तीसाठी हा वळसा मोठा वाटतो, आणि मंडळातल्या एका ज्येष्ठ संपादकांनी तसे बोलूनही दाखवले. त्यांना याच प्रतीतून काढलेली एक गोष्ट दाखवली : प्रत्येक ‘प्रतिशब्द-हिं’ उचलून, हिंदीच्या क्रमाने लावून, समोर मराठी नोंदशब्द देणारी सूची, क पुरती. ‘पेड़’ आणि ‘दरवाज़ा’ यांसारखे शब्द नुक्त्यासह, आपल्या जागी. कोशाच्या अखेरीस हिंदी–मराठी सूची द्यावी असा विचार मंडळात पूर्वी झाला होता आणि ती हाताने करणे अशक्य म्हणून सोडून दिला होता. त्यांनी सूची शेवटपर्यंत वाचली, तिच्यात ‘काटना’समोर एक मराठी शब्द राहिल्याचे दाखवले, आणि ती दुरुस्ती एक्सएमएल प्रतीत मूळ नोंदीवरच करून घेतली. ख आणि ग यांचा टॅग्ड टेक्स्ट उद्या तयार होईल. क ची पाने परत येईपर्यंत शैलींच्या मुख्य फायलीत बदल करायचा नाही.